पायांची साक्ष

औषध कंपनीचा माणूस क्षीरसागर मैदानावर आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि माझ्या उन्हाळी शिबिरातल्या पोरी खांबाला वळसा घालून परत फिरण्याचा सराव करत होत्या. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट आणि हातात मोठा लिफाफा. मातीत बूट मळू नयेत म्हणून तो आखलेल्या चुन्याच्या रेषेवरून चालत माझ्याकडे आला. मी शिट्टी वाजवून पोरींना पाणी प्यायला पाठवलं.

"उंबरजे मॅडम, पत्रिका छापून आल्या," तो म्हणाला. "तुमचं नाव बघा, दिवाणजी डॉक्टरांच्या लगेच खाली."

मी पत्रिका उघडली. मे महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी अकरा वाजता, स्टेशनजवळच्या एका मोठ्या हॉटेलचा हॉल. चार जिल्ह्यांतले डॉक्टर येणार होते. वर सोनेरी अक्षरात 'मधुमेह आणि पायांच्या शिरा : नवी आशा' आणि खाली 'अनुभवकथन : श्रीमती शशिकला उंबरजे, निवृत्त क्रीडाशिक्षिका'. तीस वर्षं मी सोलापूरच्या मुलींना खो-खो शिकवला, पण माझं नाव पत्रिकेवर कुणी छापलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

लिफाफ्यात आणखी एक कागद होता. मी काय बोलायचं ते त्यावर टाइप केलेलं होतं. तीन मिनिटांचं भाषण. शेवटचं वाक्य असं : 'या कॅप्सूलनं मला माझे पाय परत दिले.' ते वाक्य मीच त्याला बोलता बोलता म्हटलेलं होतं. मी खिशातलं लाल पेन काढून शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि कागद घडी करून ठेवला.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, पण मैदान सोडलं नव्हतं. लग्न केलं नाही, त्यामुळे घरी ओढून नेणारं कुणी नव्हतं. शुगर मात्र बारा वर्षं अंगात मुरलेली होती, आणि शेवटची दोन वर्षं तिनं माझे पाय धरले होते. तळव्यांची अशी आग व्हायची की तव्यावर उभी आहे असं वाटावं. आणि गंमत अशी, की आग होई पण खडा टोचलेला कळत नसे. एकदा चप्पल पायातून निसटली आणि मी अर्धं मैदान तशीच चालत गेले. मागून एक पोरगी चप्पल हातात घेऊन पळत आली तेव्हा मला कळलं. त्या दिवशी मी घाबरले.

दिवाणजी डॉक्टर शहरातले मधुमेहाचे मोठे डॉक्टर. ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात ते बसत तिथं बी गटातल्या जीवनसत्त्वांच्या एका कॅप्सूलचा अभ्यास सुरू होणार होता. शुगरनं खराब झालेल्या शिरांना ती कॅप्सूल कितपत बरी करते, हे बघायचं होतं. कॅप्सूल दुकानात मिळतच होती, कंपनीला फक्त पुरावा हवा होता. आधी सगळ्यांचं रक्त तपासलं. ज्यांच्या रक्तात त्यातलं मुख्य जीवनसत्त्व मुळातच कमी निघालं त्यांना बाजूला काढून सरळ इंजेक्शनं सुरू केली, कारण त्यांना त्याची गरज होती हे उघडच होतं. माझ्या रक्तात ते पुरेसं होतं. म्हणून मी अभ्यासात राहिले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की निम्म्या लोकांना खरी कॅप्सूल मिळेल, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली, आणि कुणाला कोणती ते अभ्यास संपेपर्यंत त्यांनाही कळणार नाही. मी मान डोलावली. आठ पानांच्या कागदावर सही केली. एकही पान वाचलं नाही.

सहा महिने सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल, अर्धी लाल, अर्धी पिवळी. दर महिन्याला तबस्सुम मुजावर तपासायची. ती माझीच जुनी विद्यार्थिनी, जिल्ह्याच्या संघात तीन वर्षं खेळलेली. अभ्यासाची सगळी नोंद तीच ठेवायची. पायांची आग किती, ते शून्य ते दहामध्ये विचारायची. मग मला डोळे मिटायला लावून नायलॉनची बारीक तार तळव्यावर दहा ठिकाणी टेकवायची. टेकल्याचं कळलं की 'हो' म्हणायचं.

पहिल्या महिन्यात माझी आग सात होती. चौथ्या महिन्यात ती तीनवर आली. मला अंथरुणावर पाय टेकवता येऊ लागले. तारेच्या तपासणीत मी पहिल्यांदा दोनदाच 'हो' म्हणाले होते, शेवटच्या वेळी आठ वेळा म्हणाले. मी तबस्सुमला म्हटलं, बघ, म्हातारी अजून बाद झाली नाही. ती हसली. त्यानंतर, पेन चालत नाहीय असं काहीतरी म्हणून, तिनं ती तपासणी पुन्हा एकदा घेतली.

अभ्यास डिसेंबरात संपला. मी त्याच नावाच्या कॅप्सूल दुकानातून विकत घ्यायला लागले. आणि भेटेल त्याला सांगत सुटले.

त्यातली पहिली नरसम्मा.

बोल्ली आडनावाची ही नरसम्मा आमच्या समोरच्या घरात राहायची. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान. दिवसभर दारात बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळायची. तिलाही शुगर होती, तिचेही तळवे जळायचे. दिवाळीच्या सुमाराला, अभ्यास अजून चालू असतानाच, तिनं मला विचारलं होतं की बाई, तुमच्या पायाची आग कशी गेली. मी वहीचं पान फाडून कॅप्सूलचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं. खाली 'सकाळ-संध्याकाळ' असंही लिहिलं. तीस वर्षं मी लिहिलेलं पोरी वाचत आल्या होत्या. नरसम्मानं ती चिठ्ठी कपाळाला लावली आणि कनवटीला खोचली. तिची शुगरची गोळी चालू आहे का, ते मी विचारलं नाही.

पत्रिका आली त्याच आठवड्यात, एप्रिलच्या शेवटी, तिची सून माझ्याकडे धावत आली. सासूबाईंना सरकारी दवाखान्यात नेलंय म्हणाली.

मी गेले. ऑपरेशन होऊन नरसम्मा खाटेवर पडली होती. डाव्या पायाला मोठं बँडेज होतं. झालं ते असं : ती भर दुपारी गच्चीवर लाल मिरच्या वाळत घालायला अनवाणी गेली होती. एप्रिलमधली सोलापूरची गच्ची. अर्धा तास ती त्या तापलेल्या सिमेंटवर उभी होती आणि तिला काही कळलं नाही. संध्याकाळी पायाला फोड दिसले. हळद लावली. चार दिवसांत पाय सुजला, दोन बोटं काळी पडली. ती दोन्ही काढून टाकावी लागली.

"शुगर किती होती?" मी ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला विचारलं.

त्यानं आकडा सांगितला. मी तो पुन्हा विचारून घेतला.

"यांनी शुगरच्या गोळ्या चार महिने बंद केल्यात," तो म्हणाला. "त्याऐवजी हे घेत होत्या. दिवसाला चार-चार." त्यानं टेबलावरची कॅप्सूलची पट्टी दाखवली. लाल आणि पिवळी. "यात एक जीवनसत्त्व असं आहे की फार दिवस फार घेतलं तर तेच उलट शिरा बिघडवतं. आणि ही चिठ्ठी यांच्याकडे होती. ही कुणी लिहून दिली?"

माझं वळणदार अक्षर मी ओळखणार नाही का?

"मी," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. चिठ्ठी परत टेबलावर ठेवली. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

नरसम्मा मात्र मलाच समजावत होती. शुगरच्या गोळीनं गरगरायचं, म्हणाली. तुमची गोळी घेतली की पाय थंड वाटायचे. मग दोन दोन औषधं कशाला, मोठं औषध हेच, असं तिनं ठरवलं होतं. चूक माझीच, अनवाणी गेले मी, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिच्याजवळ बसून राहिले, पण तिच्या पायाकडे बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तबस्सुमच्या घरी गेले. तिला सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं : त्या कॅप्सूलनं खरंच काही होतं का?

तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "बाई, अभ्यासातलं मला बाहेर बोलता येत नाही. माझी नोकरी आहे. पण तुम्ही सही केलेला कागद वाचलात का कधी? अकरावा मुद्दा वाचा."

मी उठले. दाराशी तिनं मला थांबवलं.

"आणखी एक सांगते, ते तुमचंच आहे म्हणून. शेवटच्या तपासणीत तुम्ही आठ वेळा 'हो' म्हणालात. तुम्ही माझ्या बांगड्यांकडे कान लावून बसला होतात. माझा हात हलला की बांगड्या वाजायच्या आणि तुम्ही 'हो' म्हणायचात. म्हणून मी बांगड्या काढून पुन्हा तपासलं. दोन ठिकाणीच कळलं तुम्हाला. मी दोनच लिहिलेत."

तिचं म्हणणं खरं होतं. समोरच्या खेळाडूचा खांदा कुठं झुकतो ते बघून ती कुठं पळणार हे ओळखायला मीच तिला शिकवलं होतं. तपासणीच्या खुर्चीत बसून मी तेच करत होते. फसवतेय असं मला वाटलंच नव्हतं. मला फक्त पास व्हायचं होतं.

घरी येऊन मी ती आठ पानं पहिल्यांदा वाचली. अकरावा मुद्दा असा होता : अभ्यास पूर्ण झाल्यावर सहभागी व्यक्तीनं लेखी मागणी केल्यास तिला कोणत्या गटात ठेवलं होतं ते कळवण्यात येईल. मी लगेच अर्ज लिहिला, एक प्रत स्वतःकडे ठेवली आणि दवाखान्यात देऊन पोच घेतली.

दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मी सकाळीच डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन दिवाणजी डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, डॉक्टर आज भेटणार नाहीत. मी म्हटलं, मला घाई नाही. साडेबाराला तिथंच डबा उघडून जेवले. दोनला त्यांनी स्वतः दार उघडलं आणि मला आत बोलावलं.

दिवाणजी वाईट माणूस नव्हते. आजही मी तसं म्हणणार नाही. माझ्या भावाचा शेवटचा काळ त्यांनी सुसह्य केला होता. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली, एक कागद माझ्याकडे वळवून पुढे सरकवला. त्यावर माझा क्रमांक होता, आणि पुढे लिहिलं होतं : गट ब. औषधविरहित कॅप्सूल.

मी तो कागद दोन्ही हातांनी धरला. सहा महिने मी जे गिळत होते त्यात काहीच नव्हतं. माझी आग सातवरून तीनवर आली होती, ती कशानं आली होती?

"असं होतं," डॉक्टर हळूच म्हणाले. "माणूस नियमित दवाखान्यात येतो, कुणीतरी त्याचे पाय हातात घेऊन बघतं, त्याला आशा वाटते. आग कमी वाटायला लागते. ते खोटं नसतं, बाई."

"खरी गोळी घेतलेल्यांपैकी किती जणांना बरं वाटलं?"

"शंभरात अडुसष्ट."

"आणि माझ्या गटात?"

त्यांनी चष्मा काढला. "चौसष्ट."

"म्हणजे फरक नाही."

"एवढ्या लोकांत चारचा फरक योगायोगानंही पडतो. नाही, फरक आहे असं म्हणता येणार नाही. तारेच्या तपासणीत तर दोन्ही गट जिथल्या तिथंच आहेत."

"मग नवी आशा कसली?"

ते खिडकीकडे बघत होते. कंपनीनं फक्त अडुसष्टचा आकडा पत्रकात घेतलाय, असं म्हणाले. दुसरा आकडा कुणी विचारला तर सांगू. आणि शेवटी म्हणाले, "लोकांना बरं वाटतं. त्यात कुणाचं काय नुकसान?"

"समोरच्या घरातल्या बाईची दोन बोटं," मी म्हटलं.

त्यांना नरसम्माचं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. चिठ्ठी माझी होती हेही सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुमची इच्छा नसेल तर पत्रिकेतलं नाव रद्द करायला सांगतो. क्षीरसागर दुसरं कुणीतरी बघेल."

"नाव राहू द्या," मी म्हटलं. "मी येणार आहे."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी समजूतदार आहे असं त्यांना वाटलं असावं.

रविवारी मी इरकल नेसून हॉटेलात गेले. दारात प्रत्येक डॉक्टरला एक पिशवी देत होते. आत वही, पेन, कॅप्सूलची माहिती देणारं रंगीत पत्रक आणि पायांची तपासणी करायची ती नायलॉनची तार, कंपनीच्या नावाच्या पाकिटात. हॉलमध्ये दीड-दोनशे डॉक्टर होते. तबस्सुम मागच्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही, तिला त्यात ओढायचं नव्हतं.

दिवाणजींचं भाषण झालं. पडद्यावर अडुसष्टचा आकडा मोठा होऊन आला. टाळ्या झाल्या. मग क्षीरसागरनं माझं नाव पुकारलं, शाल घातली आणि मला माइकसमोर उभं केलं.

मी टाइप केलेला कागद काढलाच नाही.

"मी शशिकला उंबरजे," मी म्हटलं. "सहा महिने मी या अभ्यासात होते. माझ्या पायांची आग निम्म्यानं कमी झाली, हे खरं आहे. त्या अडुसष्टमध्ये मी आहे असं तुम्हाला वाटत असेल. मी नाही. मी दुसऱ्या गटात होते. मला मिळालेल्या कॅप्सूलमध्ये औषध नव्हतं. हा त्याचा कागद. आणि आमच्या गटात शंभरातल्या चौसष्ट जणांना बरं वाटलं. तो आकडा या पडद्यावर नाही."

क्षीरसागर पायऱ्यांवरून खाली उतरला आणि दुसऱ्याच क्षणी माइक बंद पडला.

त्या माणसाला माझ्या घशाची कल्पना नव्हती. तीस वर्षं मी भर उन्हात दोन मैदानांपलीकडच्या पोरीला हाक मारत आले होते. मी माइक बाजूला सारला आणि तेवढ्याच मोठ्यानं बोलत राहिले. नरसम्माचं सांगितलं. तिचं नाव घेतलं नाही, पण चिठ्ठी मी लिहिली होती हे सांगितलं. ज्यांच्या रक्तात यातलं मुख्य जीवनसत्त्व कमी आहे त्यांना ते दिलंच पाहिजे, माझंही रक्त आधी त्यासाठी तपासलं होतं, असं सांगितलं. ज्यांच्यात कमी नाही त्यांना काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा, पण निदान पूर्ण आकडा बघून ठरवा, असंही म्हटलं.

मग मी एक खुर्ची मंचाच्या मध्ये ओढली, चपला काढल्या आणि बसले.

"तुमच्या पिशवीत ती तार आहे," मी म्हटलं. "कुणीतरी वर या आणि माझे पाय तपासा. सहा महिने खोटी घेतली, त्यानंतर चार महिने खरी विकत घेऊन घेतली. बघा तरी काय फरक पडलाय."

कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे एकमेकांकडे बघून हसले. मग तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या, पांढरे केस, साधी सुती साडी. लातूरहून आले, एवढंच म्हणाल्या. पिशवीतली तार काढून त्या माझ्यापुढे गुडघ्यावर बसल्या. त्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या. तरीही मी शाल सोडली आणि डोळ्यांवरून, कानांवरून घट्ट बांधून घेतली.

त्या अंधारात बसून मला फार काळ गेल्यासारखं वाटलं. पायाजवळ कुणीतरी आहे एवढं कळत होतं. हात कधी वर जातोय, कधी खाली येतोय, याचा अंदाज घ्यायची इच्छा मला आत्ताही होत होती. शंभरेक सामने जिंकून दिलेली ती सवय. मी ती दाबून धरली. जिथं खरंच कळलं तिथंच 'हो' म्हणाले. एकदा अंगठ्याजवळ, आणि नंतर एकदा टाचेच्या कडेला.

कुणीतरी शाल सोडली. लातूरच्या डॉक्टरबाई उभ्या राहिल्या आणि हॉलकडे वळून म्हणाल्या, "दहापैकी दोन."

मग त्या मंचावरच्या दिवाणजींकडे वळल्या. "डॉक्टर, दुसऱ्या गटाचा आकडा बरोबर आहे का?"

क्षीरसागर मध्येच म्हणाला की जेवण तयार आहे, चर्चा जेवताना करू. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दिवाणजी बसूनच होते. मला वाटलं ते बोलणार नाहीत. पण ते उठले, बंद माइकजवळ आले आणि त्यांच्या बारीक आवाजात म्हणाले, "बरोबर आहे. चौसष्ट."

शेवटच्या रांगेपर्यंत ते पोचलं नसावं, कारण मागून कुणीतरी "किती?" असं विचारलं. मी माझ्या आवाजात परत सांगितलं.

मी जेवायला थांबले नाही. चपला घातल्या, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि बाहेर पडले. दारात तबस्सुम उभी होती. रिक्षा मिळेपर्यंत ती माझ्यासोबत उन्हात उभी राहिली.

त्या कॅप्सूल अजूनही मिळतात. शहरातल्या कुठल्याही मेडिकलात विचारा. दिवाणजींनी वर्षभरानं छापलेल्या लेखात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिले, एवढं मात्र तबस्सुमनं मला आणून दाखवलं. ते माझ्याशी त्यानंतर कधी बोलले नाहीत. क्षीरसागरची दुसरीकडे बदली झाली म्हणे.

पण त्या रविवारी मी यातल्या कशाचाही विचार करत नव्हते. दोनशे डॉक्टरांसमोर मी सहज बोलून गेले होते. आता ज्या बाईसमोर बोलायचं होतं तिच्या दारात मी उगाच चपला सरळ करत राहिले.

नरसम्मा दवाखान्यातून घरी आली होती. दारात बसून विड्या वळत होती, बँडेजचा पाय पुढे पाटावर ठेवलेला. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. मला खोटी गोळी होती. माझी आग त्या गोळीनं गेली नव्हती. मी न तपासता, न विचारता तुला चिठ्ठी लिहून दिली. तू अनवाणी गेलीस ही चूक तुझी नाही.

तिचे हात थांबले.

"म्हंजे तुमची खोटी होती," ती म्हणाली, "आन् तुमी बऱ्या झालाव. माझी खरी होती, आन् माझी बोटं गेली."

"हो."

"तुमच्या अक्षरावर लई विश्वास होता माझा, बाई. चिठ्ठी देवापुढे ठेवली होती मी पहिल्या दिवशी."

मी खाली बघत होते. ती मला हाकलून देईल असं वाटत होतं. दिलं असतं तर मी गेले असते. आत तिच्या सुनेनं कुकर लावला होता, त्याची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.

मग तिनं सूप बाजूला ठेवलं. "शुगरची गोळी जेवायच्या आधी घ्यायची का मागून?"

"आधी, डॉक्टरच्या कागदावर तसं लिहिलंय. गरगरलं तर मला सांग, डॉक्टरकडे जाऊ. आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि डॉक्टरनं सांगितलंय, पाय रोज बघायचे. खालून, बोटांच्या मधून. तुला वाकता येणार नाही. मी बघेन."

मी हात पुढे केला तशी तिनं पाय झटक्यानं मागे ओढला.

"तुमी माझ्या पायाला हात लावणार? शाळेच्या बाई तुमी. लोकं काय म्हणतील?"

गल्लीत दोन-तीन बायका खरंच बघत होत्या.

"बघू दे त्यांना," मी म्हटलं. "पाय पुढे कर, नरसम्मा."

तिनं केला नाही. मीच पाटापर्यंत सरकले, तिची टाच दोन्ही हातांत धरली आणि मांडीवर घेतली.